दीड इंच

वही चौथी, पान अकरा.
हेतल घोरपडे. छाती पंचवीस, कंबर बावीस. वय नऊ.
नाव गुजराती कसं, विचारलं तर आई म्हणाली,
दवाखान्यात शेजारच्या खाटेवर एक हेतलबेन होत्या, फार मायाळू.
दांडियाबाजारात माझं दुकान, वर्षाची भाकरी नवरात्रावर.
चणियाचोळ्यांच्या ढिगात ही पहिलीच पोर
जिला घेर नको होता.
माप घेताना टाचेवर फिरायची, टेप तिच्याभोवती गुंडाळला जायचा.
अगं भिंगरे, उभी राहा जरा.

अकोट्याच्या पुलापलीकडे सिमेंटची रिंक.
मी एकदाच गेले, हूक तुटला म्हणून सुईदोरा घेऊन.
आठ चाकांची घरघर, जात्यासारखी,
आणि मग एकदम काहीच नाही.
ती हवेत होती.
दोरा ओवायचा राहिला तो राहिलाच.

वही सहावी, जिल्हा. वही सातवी, राज्य.
टिकल्या मंगळबाजारातून आणायची मी,
आणि शेजारच्या सोनाराच्या काट्यावर तोलायची,
कारण बारोट सर म्हणायचे, पोशाख शंभर ग्रॅम जड झाला
तरी उडी खाली बसते.
चौदाव्या वर्षी तिच्या अंगाला अंग आलं, जसं येतं.
सर म्हणाले, कुंदाबेन, कमरेला काळी पट्टी लावा,
बारीक दिसेल.

मग पुढच्या वर्षीचा मार्च. निळा पोशाख.
दोन तारखेला कंबर पंचवीस.
सतराला साडेतेवीस.
लायक्रा अंगाला धरून असते, ती सैल पडली.
पोरीच्या ओठांची सालं निघालेली.
पाण्याचा पेला पुढे केला तर तिनं दाराकडे पाहिलं.
दारात सर, स्कूटरची किल्ली बोटात फिरवत.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
टाचण्या तोंडात असल्या की बोलता येत नाही,
किती सोयीचं असतं ते.

मोहालीत ती पहिली आली.
न्यायमंदिराच्या चौकात फलक लागला, माझा निळा रंग दहा फूट उंच.
मी सोनाराच्या बायकोला नेऊन दाखवला,
वर शेवउसळ खिलवली.

बाविसाव्या दिवशी कागद आला.
लघवीची गोळी. अंगातलं पाणी उपसते, वजन उतरवते,
आणि खेळात चालत नाही.
सर म्हणाले, घरातून मिळाली असेल.
वडील म्हणाले, सरांनी व्हिटॅमिन म्हणून दिली.
ती काय म्हणाली ते कुठेच छापून आलं नाही.
दिल्लीहून माणसं आली, केमिस्टला भेटली, डॉक्टरला,
रिंकच्या चौकीदारालासुद्धा.
शिंपिणीला कोण विचारतं.
वही गल्ल्याखाली होती, तारखांसकट.
चोळी घालून बघता बघता बायका म्हणायच्या,
छोकरीए दवा लीधी'ती.
मी म्हणायची, हात वर करा.

परवा आली. बंदीचे आठ महिने उरलेले.
कॉलेजसाठी कुर्ता शिवायचा होता.
टेप लावला, ती हलली नाही.
इतकी स्थिर, की मलाच तिच्याभोवती फिरावं लागलं.
सव्वीस. मोठ्यानं वाचलं नाही.
मग पिशवीतून तिनं निळा पोशाख काढला.
हा मोठा होईल?
मी उलटा करून पाहिला. तेव्हा कापड कापलं नव्हतं मी,
आत दुमडून ठेवलं होतं.
आम्ही शिंपी त्याला माया म्हणतो.
होईल, म्हणाले, पण जुन्या शिवणीची भोकं दिसतील.
दिसू देत.

का कुणास ठाऊक, मी गल्ल्याखालची वही काढली,
मार्चचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं.
दोन आकड्यांवरून तिनं बोट नेलं,
इकडून तिकडे, पुन्हा इकडे.
"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

तोंडात एकही टाचणी नव्हती.
मी तिला पाणी दिलं. दोन पेले प्यायली, उभ्यानंच.
मग मी ब्लेड घेतलं
आणि कमरेची शिवण उसवायला बसले.